मोकळा बसलेला माणूस : ‘चित्रातली घोडागाडी’च्या प्रकल्प नोंदी

27 ऑक्टोबर 2025

वाचनालयाच्या चिटणीसांचा फोन. 14 डिसेंबरच्या रविवारी व्याख्यान द्या, विषय तुमचा तुम्ही ठरवा. तोंडात दिवाळीतली शेवटची चकली होती, त्यामुळे नाही म्हणायला उशीर झाला. ‘चित्रातली घोडागाडी’ असं बोलून बसलो. चाळीस मिनिटं बोलायचं, पडद्यावर चित्रं दाखवायची आणि बाहेरच्या व्हरांड्यात सहा प्रिंट फ्रेम करून लावायच्या. खर्चाला साडेचार हजार मंजूर.

विषय अभ्यासातून सुचलेला नाही. मिरज स्टेशनासमोर आमच्या आजोबांचा टांगा लागायचा. पुढे मी बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. पोरांना घोडा काढायला शिकवला आणि त्यांनी इमानेइतबारे कुत्री काढली. एकूण घोड्याचं आमच्याकडे बरंच देणं आहे.

29 ऑक्टोबर

पहिला आराखडा फाडला. गाडीत बसणारा मोठा आणि पायी चालणारा लहान, एवढंच सांगायचं तर प्रोजेक्टर कशाला हवा? तासाच्या भाड्यानं बग्गीत बसलेला नवरदेव तेच सांगत असतो. चित्रकार हा मोठेपणा नेमका कुठे ठेवतो, हा प्रश्न धरला तर काही हाती लागेल. सोनेरी नक्षीत ठेवतो, घोड्यांच्या संख्येत, की चाकाच्या उंचीत?

आणखी एक ठरवलं. चित्रं युरोपातलीच घ्यायची, ओढूनताणून मराठी करायची नाहीत. पेशवाईत मान पालखीचा, अबदागिरीचा, हत्तीवरच्या अंबारीचा. पालखी सरकारातून बहाल व्हायची आणि ती बाळगण्याच्या खर्चाची नेमणूकही मिळायची. बग्गीचा थाट आपल्याकडे मुख्यतः इंग्रजांबरोबर आला.

2 नोव्हेंबर

लंडनचा सोनेरी राजरथ यादीतून काढला. 1762 चा, आठ घोड्यांचा, सुमारे चार टन वजनाचा, बाजूंना चिप्रियानीनं रंगवलेली चित्रं. डोळे दिपतात आणि तिथेच सगळं संपतं.

इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्स मात्र सोडवत नाही. लिव्हरपूलच्या, चामडं कमावणाऱ्याचा मुलगा. लिंकनशरमधल्या एका शेतघरात अठरा महिने मेलेले घोडे टांगून, एकेक थर सोलत त्यानं घोड्याचं शरीर कागदावर उतरवलं. ती चित्रं 1766 साली छापून आली. घोडा कातडीच्या आतून ठाऊक असलेला माणूस गाडीचं चित्र काढतो तेव्हा त्याला नक्षीची गरज पडत नाही.

त्याचं 1793 चं चित्र आज दिवसभर उघडून ठेवलं होतं. इंग्लंडच्या युवराजाची फेटन. पुढे हाच चौथा जॉर्ज झाला. फेटन म्हणजे चार चाकांची, हलकी, उघडी, उंच बैठकीची गाडी. चित्रात गाडी आहे, काळे घोडे जुंपायची तयारी चालली आहे. सरकारी गणवेशातला सॅम्युअल थॉमस नावाचा कोचमन आहे, हाताखालचा एक पोरगा आहे, आणि फिनो नावाचा कुत्रा घोड्यापुढे उड्या मारतो आहे. युवराज नाही. चित्र त्याच्याच मालकीचं, गाडी त्याची, नोकर त्याचे, कुत्रासुद्धा त्याचा. तो स्वतः मात्र चित्रात यायची गरज त्याला वाटली नाही. दोनच वर्षांनी, 1795 साली, या गृहस्थाच्या कर्जाचा आकडा सहा लाख पौंडांच्या वर गेलेला होता. व्याख्यानात हे सांगायचं. मिरजेत लोकांना उधारीवरचा थाट लगेच कळतो.

फेटन हे नाव ग्रीक पुराणातल्या सूर्याच्या पोराचं. बापाचा रथ हट्टानं मागून घेतला, घोडे आवरले नाहीत, पृथ्वी होरपळली आणि शेवटी स्वतः मेला. गाडीला अपघाताचं नाव देणारी ही एकच जात असेल. आपल्या सूर्यानं लगाम अरुणाकडे दिले ते बरं केलं.

5 नोव्हेंबर

प्रोजेक्टर तपासला. लाल रंग केशरी दिसतो. वाचनालयाच्या शिपायानं ‘तसाच आहे तो’ असं सांगितलं. गणवेशाच्या लाल रंगाबद्दल बोलायचं नाही, असं लिहून ठेवलं.

9 नोव्हेंबर

नानांकडे गेलो. नाना म्हणजे माझे चुलते, वय 84. 1970 च्या दशकापर्यंत टांगा त्यांनी हाकला, मग रिक्षा आल्या. बरोबर टॅबलेट नेला होता. मेरी कसॅट या अमेरिकन चित्रकर्तीचं 1881 चं चित्र उघडलं. मूळ चित्र फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. पॅरिसजवळच्या बुआ द बुलोन्यच्या झाडीतून एक छोटी गाडी चालली आहे. कसॅटची बहीण लिडिया हाकते आहे. शेजारी फ्रॉकमधली लहान मुलगी, ती एदगार दगा या फ्रेंच चित्रकाराची भाची. मागच्या बैठकीवर उलट्या बाजूला तोंड करून मोतद्दार बसला आहे. घोड्याचा फक्त मागचा भाग चित्रात येतो.

नानांनी चष्मा पुसला, टॅबलेट लांब धरला, जवळ आणला.

‘घोडं कुठाय?’

‘डावीकडं. मागचा भाग दिसतोय.’

‘तट्टू हाय.’ (खरंच तट्टू आहे. कसॅटच्या घरच्यांनी घेतलेलं, नाव बिशेत.) ‘बाई हाकतीया. लगाम बरा धरलाय, पर लई जीव काढून धरलाय. आन मागं ह्यो कोण?’

‘मोतद्दार.’

‘काय करतोय?’

‘काही नाही. बसलाय.’

‘उलटं तोंड करून?’

‘हो.’

‘पगार हाय त्येला?’

‘असणार की.’

नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘तालेवार बाई हाय. बसून ऱ्हायचा पगार कोण देतंय? आमच्यात मागं तोंड करून बसायचा त्यो गिऱ्हाईक. त्येच्याकडनं आमी पैसं घ्यायचो.’

पुढचं चित्र बघायला ते तयार नव्हते, चहा मागितला. मी मात्र त्या मोतद्दारावरून हललो नाही. हॅट घालून, हात मांडीवर ठेवून, गाडी जिकडून आली त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत बसलेला जवान माणूस. गाडी थांबली की उतरून घोड्याचं तोंड धरायचं, एवढं त्याचं काम. बाकी वेळ तो फक्त आहे. लिडियाचा हात लगामावर आवळलेला, पोरगीची मूठ गाडीच्या कडेवर, तट्टू ओढतंय. चौघांत मोकळा तो एकटाच, आणि श्रीमंती सांगतो तोही तोच.

व्याख्यानाचा धागा मिळाला. चित्रातल्या गाडीवर मोकळी बसलेली माणसं मोजायची.

कसॅटचा भाऊ अलेक्झांडर पेनसिल्व्हेनिया रेल्वेत मोठा अधिकारी होता, पुढे तिचा अध्यक्ष झाला. म्हणजे घर रेल्वेचं आणि मिरवायला तट्टू. आमच्या घरी नेमकं उलट होतं, तट्टू घरचं आणि पोट रेल्वेच्या गिऱ्हाइकावर.

12 नोव्हेंबर

मोकळ्या माणसाचा हिशेब इंग्रज सरकारनं फार आधीच मांडून ठेवलेला निघाला. 1747 पासून गाड्यांवर कर. 1777 पासून घरकामाच्या प्रत्येक पुरुष नोकरावर वर्षाला एक गिनी, कारण अमेरिकेतल्या युद्धाला पैसा लागत होता. 1795 पासून केसांना लावायच्या पावडरीवर कर आणि 1798 पासून कुळचिन्ह मिरवण्यावर कर.

एवढं कळल्यावर त्या काळातली गाड्यांची चित्रं मला पावतीपुस्तकासारखी दिसायला लागली. गाडीच्या दारावर कुळचिन्ह रंगवलं की त्याचा कर, मागे उभ्या दोन नोकरांच्या दोन गिन्या, त्यांच्या पांढऱ्या केसांचे वेगळे. पाहणाऱ्याला हे सगळं ठाऊक असायचं. आज एखाद्या गाडीचा नंबर बघून लोक कुजबुजतात, ‘ह्या नंबरला किती मोजले असतील’, तसंच ते.

16 नोव्हेंबर

दगानं माझा सिद्धांत मोडला.

1869 चं चित्र, आज बोस्टनला आहे. नॉर्मंडीतला घोड्यांच्या शर्यतींचा माळ. खालच्या उजव्या कोपऱ्यात दगाचा मित्र पोल व्हालपँसाँ सहकुटुंब गाडीत आहे. मित्र स्वतः हाकतो आहे, शेजारी बुलडॉग. मागे छत्रीच्या सावलीत बायको आणि दाई. बाळ दाईच्या अंगावर पिता पिता झोपलं आहे. बाप वळून बाळाकडे बघतो, आई बाळाकडे बघते, कुत्राही तिकडेच बघतो. पाठीमागे शर्यतीचे घोडे मुंग्यांएवढे.

इथे मोकळा नोकर एकही नाही. पगारी माणूस एकच, ती दाई, आणि सगळ्यांत जास्त काम तीच करते आहे. म्हणजे मोकळी कोण? आई. तिच्या वाटणीचं काम दुसरीनं घेतल्यामुळे ती छत्रीखाली बसून बघू शकते. सिद्धांत मोडला असं वर लिहिलंय, पण खरं तर तो फिरला. नोकर रिकामा बसवता येणं ही एक पायरी, आणि स्वतःच्या बाळापासून स्वतः रिकामं होता येणं ही दुसरी. दुसरी मला जास्त बोचते. त्या दाईचं स्वतःचं बाळ कुठे आहे, हे कोणी चित्रात विचारत नाही.

चित्र किती लहान आहे हे लोकांना सांगायला हवं. साडेछत्तीस सेंटिमीटर उंच आणि छप्पन्नच्या आसपास रुंद. फ्रेमवाल्याकडच्या 16 बाय 20 इंचीच्या जवळपास. आणि दगानं गाडी कडेनं सरळ छाटली आहे: घोड्यांचे पाय खाली गेले, चाक अर्धं. 1874 साली पॅरिसमध्ये नव्या चित्रकारांनी स्वतःचं पहिलं प्रदर्शन भरवलं, त्यात हे होतं.

20 नोव्हेंबर

प्रिंट आणायला गेलो. दुकानातला मुलगा काळजीत. ‘सर, ह्यातला एक फोटो अर्धवट आलाय. चाक कट झालंय. तुम्ही डाउनलोड करताना चुकलं असणार.’ तो दगा होता. मूळ तसंच आहे हे सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना. ‘एवढा मोठा आर्टिस्ट आणि चाक कापतो?’

मग कसॅट बघितली. चित्र जरा जास्त लांबट, 16 बाय 20 मध्ये नीट बसेना, म्हणून त्यानं उजवी बाजू स्वतःच छाटली होती. मोतद्दार गेला. पाठीचा एक काळा पट्टा उरला होता, तो मागच्या झाडीत मिसळून गेलेला.

‘इथला माणूस कुठाय?’

‘तो? तो काय करत नव्हता, सर. मेन बाई आहे ना.’

रागावणार होतो, पण त्याचं काही चुकलं असं वाटेना. पुन्हा छापायचे साडेतीनशे. ते खिशातून देईन, वाचनालयाला मागणार नाही. छाटलेली प्रिंट मात्र मागून घेतली. व्याख्यानात आधी ती दाखवायची आणि विचारायचं, काय कमी आहे?

23 नोव्हेंबर

रशियन चित्रकार क्रामस्कोईची ‘अनोळखी स्त्री’, 1883. सेंट पीटर्सबर्गचा नेव्हस्की रस्ता, थंडीतली धुरकट हवा, उघड्या गाडीत एकटी बाई. मखमली कोटाला फरची कड, टोपीवर पांढरं पीस, मनगटात सोन्याचं कडं. ती आपल्याकडे वरून खाली बघते, कारण ती गाडीत आहे आणि आपण रस्त्यावर.

नानांना हे आज दाखवलं. त्यांचा प्रश्न तोच, ‘घोडं कुठाय?’ घोडा नाही. कोचमनही नाही. चाकसुद्धा नाही, फक्त गाडीची पाठ आणि गाद्या. मग दुसरा प्रश्न आला, ‘गाडी कुणाची?’

नेमकं हेच तेव्हाच्या पीटर्सबर्गनं विचारलं. एकटी बाई, नवी कोरी फॅशन, उघडी गाडी: खर्च कोण करतं? स्तासोव्ह या टीकाकारानं तिला ठेवलेल्या बाईत काढलं. घरंदाज बायका इतकं ताजं फॅशन करून हिंडत नाहीत, असा त्यांचा हिशेब. चित्रं जमवणाऱ्या पावेल त्रेत्याकोव्हनं हे चित्र विकत घेतलं नाही. त्याच्या नावाच्या गॅलरीत ते 1925 साली, म्हणजे क्रांतीनंतर आलं. आता तिथलं सर्वांत ओळखीचं चित्र बहुधा तेच.

स्टब्सच्या चित्रात मालक नव्हता तरी गाडी कोणाची हे विचारायची कोणाला गरज पडली नाही. इथे बसणारी समोर आहे आणि तरी तोच प्रश्न. पुरुषाची गाडी त्याच्या पाठीमागेही त्याचीच राहते, बाईची गाडी तिच्या देखतही दुसऱ्याची. हे वाक्य व्याख्यानात घ्यायचं.

जाता जाता: आपण मुंबईत जिला व्हिक्टोरिया म्हणायचो ती याच प्रकारची, उघडी, बुटकी, मागे छत दुमडणारी गाडी. बैठक खाली आणि बाजू मोकळ्या, त्यामुळे बाईचा पेहराव बुटापर्यंत दिसतो. 2015 साली उच्च न्यायालयानं मुंबईतल्या या गाड्या बंद करायला सांगितल्या, तोवर त्यांवर चांदीच्या रंगाची नक्षी आणि रंगीत दिवे चढलेले होते.

27 नोव्हेंबर

माझी एक जुनी विद्यार्थिनी नोकरीनिमित्त लिस्बनला असते. तिला तिथल्या गाड्यांच्या संग्रहालयात पाठवलं. राणी अमेलियानं 1905 साली ते सुरू केलं. व्हॉट्सॲपवर एकोणचाळीस फोटो आले, त्यांतले अकरा तिचे स्वतःचे.

बाकीचे मात्र कामाचे. 1716 साली पोर्तुगालच्या पाचव्या जॉनचा वकील पोप अकरावा क्लेमेंट याच्या भेटीला रोममध्ये गाड्यांचा ताफा घेऊन शिरला. त्यांतल्या तीन गाड्या आजही आहेत. गाडीची मागची बाजू म्हणजे सोन्यानं मढवलेलं अख्खं शिल्प, माणसाच्या उंचीच्या मूर्ती. एकीच्या पाठीवर मधोमध अपोलो आणि खाली दोन दाढीवाले म्हातारे हातात हात देताहेत. एक अटलांटिक, दुसरा हिंदी महासागर. म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून गोव्याकडे येणारी वाट. 1510 पासून ज्यांच्या ताब्यात गोवा होता, त्यांनी त्या वाटेची जाहिरात गाडीच्या पाठीवर लावून रोमभर फिरवली. दुसऱ्या गाडीवर लिस्बन नगरीला मुकुट चढतो आहे आणि तिच्या पायाशी दोन बंदिवान, आफ्रिका आणि आशिया.

विद्यार्थिनीनं त्या फोटोखाली लिहिलं होतं, ‘सर, ह्यातला आशिया म्हणजे आपण का?’ ‘हो’ एवढंच उत्तर पाठवलं.

नक्षी मागच्या बाजूला का, हे आज समजलं. मिरवणूक बघणाऱ्याला पुढची बाजू क्षणभर दिसते. गाडी निघून जाताना पाठ मात्र वळणापर्यंत दिसत राहते.

2 डिसेंबर

फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकचं एक चित्र घ्यायचं की नाही यावर दोन दिवस घातले. 1881, काढणारा पोरगा सोळा वर्षांचा. बाप, काउंट आल्फोंस, नीसच्या रस्त्यावर चार घोड्यांची मेल-कोच, म्हणजे टपालगाडीच्या घाटाची गाडी, स्वतः हाकतो आहे. उमरावांनी हौसेनं गाडीवान व्हायचं, हा त्या काळचा शौक. 1878 आणि 1879 मध्ये पोराचे दोन्ही पाय मोडले होते आणि नंतर ते वाढलेच नाहीत. घोडे त्याला सुटले. बापाचे घोडे त्यानं भरधाव काढलेत, धुळीसकट. या चित्राला माझा कुठलाच सिद्धांत लावायचा नाही. शेवटच्या आधी नुसतं दाखवायचं.

7 डिसेंबर

नानांच्या ट्रंकेत एक फोटो निघाला. 1953. मीरासाहेबांच्या उरसाला आलेल्या फोटोग्राफरनं काढलेला. मी हा कधी पाहिला नव्हता.

आमचा टांगा. मागच्या बैठकीवर आजोबा. कोट, फेटा, हातात काठी, मान वळवून कॅमेऱ्याकडे. पुढे लगाम धरून बारा वर्षांचे नाना, डोळे मिटलेले. घोड्याचं तोंड फोटोच्या बाहेर गेलं आहे, मान तेवढी आत.

‘आजोबा मागं कसे?’

‘त्येनीच सांगितलं. म्हणाले, आज मी गिऱ्हाईक.’

‘आणि कोट?’

‘फोटोवाल्याचा. समद्यास्नी त्योच घालायचा. हातावर बघ की, बाही तोकडी हाय.’

बाही खरंच तोकडी आहे. मनगट उघडं आणि त्यावर लगामाचा घट्टा. भिंगाखाली आणखी एक दिसलं: आजोबा मागच्या कडेला न बसता पुढे सरकून, पाठीला पाठ लावून बसलेत. टांगा उलाळ होऊ नये म्हणून. आयुष्यात एकदा गिऱ्हाईक झाले तरी तोल सांभाळायचं सुटलं नाही.

व्याख्यानात शेवटी हा दाखवू का, असं विचारलं. नाना म्हणाले, ‘नगं. त्यो काय राजाचा हाय व्हय? घरातलं घरात ऱ्हाऊ दे.’ वाद घातला नाही.

15 डिसेंबर

काल झालं. साठेक लोक, पंखे दोन. प्रोजेक्टरनं लाल केशरी केलाच. छाटलेली कसॅट दाखवून ‘काय कमी आहे?’ विचारलं, उत्तरं आली: ‘घोड्याचं तोंड’, ‘नवरा’, ‘टोल नाका’. मोतद्दार कोणीच म्हणालं नाही. पूर्ण चित्र लावल्यावर हॉलमध्ये ‘अरेच्चा’ उठलं. बाईच्या गाडीबद्दलचं वाक्य बोललो तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं; पुरुषांनी घड्याळाकडे. दगाच्या दाईपाशी मी नको इतका थांबलो आणि लोत्रेक गडबडीत गेला. पहिला प्रश्न: ‘फेटनचं ॲव्हरेज किती?’

नाना पहिल्या रांगेत होते. स्टब्सपर्यंत जागे होते.

18 डिसेंबर

हिशेब वाचनालयाला दिला. सहा फ्रेमचे चार हजार दोनशे, रिक्षा एकशे ऐंशी. एकशे वीस रुपये परत. कसॅटची दुसरी प्रिंट यात धरलेली नाही.

संध्याकाळी नानांचा फोन. त्या फोटोची एक कॉपी मोठी करून आण, पुढच्या खोलीत लावायची, पैसे मी देतो. दुकानात नेऊन दिला. घरी पोचेपर्यंत मुलाचा फोन आला.

‘सर, ह्यात घोड्याचं तोंड कट झालंय. मागच्या साइडला आजोबा आहेत, ते घेतले की बॅलन्स जातोय. कट करू का?’

म्हटलं, हात लावू नकोस. येतो मी तिकडे.